पिवळ्या रेघेचा हिशेब

दापोली तालुक्यातील बुरोंडीला लागूनच लाडघरचा किनारा आहे. तिथल्या समुद्राला तामसतीर्थ म्हणतात, कारण तिथे पाण्याला तांबूस छटा दिसते. आता कोणी म्हणेल, रंग तो रंग. त्यात मोजायचे काय? पण शास्त्रज्ञ विचारतो, ‘हा तांबडा प्रकाश, तो पिवळा आणि तो निळा, यांच्या एकेका कणात ताकद किती?’ आणि गंमत अशी की याचे उत्तर काढायला चौथीच्या मुलाला येणारा एक भागाकार पुरतो. हा भागाकार माणसाला कसा सापडला, त्याची गोष्ट आज सांगायची आहे. या गोष्टीतला एक मोठा धागा आपल्या कोकणपट्टीतून जातो. तो धागा आज बराच गुंतलेला आहे. तोही थोडा सोडवू.

प्रथम घरातलाच एक प्रयोग घ्या. चुलीच्या जाळावर चिमूटभर मीठ टाकले की ज्योत क्षणभर भडक पिवळी होते. खाऱ्या पाण्यात भिजून वाळलेले लाकूड जाळले तरी तसेच होते. किनाऱ्यावरच्या माणसाला हे सांगायला नको. हा पिवळेपणा मिठातील सोडियमचा. न्यूटनने १६६६ च्या सुमारास लोलकातून सूर्यप्रकाश घालून त्याचे सात रंग पसरून दाखवले. पुढे १८१४ मध्ये जर्मनीतील फ्राउनहोफर या काचेच्या कारागिराने तो रंगपट्टा बारकाईने पाहिला, तेव्हा त्यात शेकडो काळ्या रेघा दिसल्या. ठळक रेघांना त्याने ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली. पिवळ्या भागातली रेघ ती डी. ही एक रेघ नसून दोन जवळजवळच्या रेघा आहेत, म्हणून त्यांना डी-एक आणि डी-दोन म्हणू लागले. १८५९ च्या सुमारास हायडेलबर्ग येथे किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिले, की मिठाच्या ज्योतीतली पिवळी रेघ नेमकी याच जागेवर पडते. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारख्या. सूर्यावर न जाता सूर्यात काय आहे हे ओळखण्याची वाट खुली झाली ती अशी.

मग आले १८६८ साल. त्या वर्षी १८ ऑगस्टला खग्रास सूर्यग्रहण झाले आणि खग्रासाचा पट्टा आपल्या देशावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे गेला. फ्रान्सहून जान्सेन आले आणि गुंटूरला तळ देऊन बसले. मेजर टेनंट यांचाही तळ गुंटूरलाच होता. मद्रासच्या वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणला गेले. आणि आपल्या पटवर्धनांच्या संस्थानात, जमखिंडीला, लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी दुर्बीण लावली होती. चंद्राने सूर्य पुरता झाकला की कडेला ज्या तांबूस ज्वाला दिसतात, त्यांचा प्रकाश या मंडळींनी लोलकातून पाहिला. त्यात उजळ रेघा दिसल्या आणि त्यांत एक पिवळी होती. बहुतेकांना वाटले, ही सोडियमचीच डी रेघ. वाटणारच, कारण जागा अगदी शेजारची होती. जान्सेनला त्या रेघा इतक्या तेजस्वी दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असे त्याच्या मनाने घेतले, आणि दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, त्याने त्या उघड्या सूर्याच्या कडेला पाहूनही दाखवल्या.

इकडे इंग्लंडात नॉर्मन लॉकियर नावाचा गृहस्थ होता. युद्धखात्यात कारकुनी करायची आणि उरलेल्या वेळात घरच्या दुर्बिणीने सूर्य पाहायचा, असा त्याचा क्रम. जान्सेनची बातमी त्याच्यापर्यंत पोचलीही नव्हती. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यानेही ग्रहणाशिवाय, स्वतंत्रपणे, त्या ज्वालांच्या रेघा पाहिल्या. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत वाचली गेली आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे मुखवटे असलेले एकच पदक पाडले. लॉकियरने रेघेची जागा काळजीपूर्वक मोजली. ती डी-एकही नव्हती आणि डी-दोनही नव्हती. तिचे नाव पडले डी-तीन. पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात पदार्थाशी ती जुळेना. मग त्या अज्ञात द्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून ‘हेलियम’ म्हणू लागले.

येथे तो गुंतलेला धागा येतो. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून चौथरे दाखवतात. ‘याच ओट्यांवर दुर्बीण ठेवून लॉकियर साहेबाने १८६८ साली हेलियमचा शोध लावला’ असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. १८ ऑगस्टला तिथे हेलियमचा दिवसही साजरा होतो. किल्ल्याचा अभिमान कोणाला नाही? पण इतिहास सांगताना साल आणि स्थळ जुळले पाहिजे. १८६८ मध्ये लॉकियर हिंदुस्थानात आलाच नव्हता. तो इंग्लंडात होता. शिवाय आपण कोकणातली माणसे. आपल्यालाच विचारा, ऑगस्टच्या मध्यावर आपल्या किनाऱ्याला आभाळ किती वेळा मोकळे सापडते? दूर देशाहून यंत्रे घेऊन येणारा शहाणा माणूस ऐन पावसाळ्यात त्यासाठी विजयदुर्ग निवडील काय?

मग ते ओटे खोटे काय? मुळीच नाही! फक्त साल वेगळे आहे. लॉकियर १८७१ च्या डिसेंबरात ग्रहणासाठी दक्षिणेत बेकलला येऊन गेला, आणि विजयदुर्गला तो आला १८९८ मध्ये. त्या वर्षी २२ जानेवारीला पुन्हा खग्रास ग्रहण झाले. या वेळी महिना हिवाळ्याचा आणि आभाळ निरभ्र. पट्टा विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढून ईशान्येकडे गेला. लॉकियरच्या मदतीला ‘मेलपोमिनी’ या लढाऊ जहाजावरचे अधिकारी आणि खलाशी होते. खग्रास अवघे सुमारे दोन मिनिटे टिकले. तेवढ्यात लोलक बसवलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या कडेच्या रेघांचे फोटो घेतले. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यात जेऊर येथे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपल्या पथकासह उभे होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभ्या राहिलेल्या तख्तसिंगजी वेधशाळेचे ते प्रमुख. त्यांचा या ग्रहणाचा अहवाल पुढे छापून प्रसिद्ध झाला. रत्नागिरीत जन्मलेले आणि ‘ओरायन’ लिहून ज्योतिषाचा अभ्यास जगापुढे मांडलेले लोकमान्य टिळक त्या दिवशी राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते. तेव्हाचे विजयदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यात होते. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. बुरोंडी या पट्ट्याच्या बरीच उत्तरेला. इथे सूर्य पुरता झाकला गेला नाही, त्याची कोर उरली.

तोपर्यंत हेलियम पृथ्वीवरही सापडला होता. १८९५ मध्ये लंडनला विल्यम रॅमसे यांनी क्लीव्हाइट नावाचे खनिज आम्लात टाकले, त्यातून निघालेला वायू नळीत भरून त्यात वीज सोडली आणि तीच पिवळी डी-तीन रेघ समोर आली. म्हणजे विजयदुर्गला हेलियमचा शोध लागला नाही, हे खरे. पण ज्याने सत्तावीस वर्षे ‘ही रेघ वेगळी आहे’ असे धरून ठेवले, तो माणूस आपल्या म्हणण्याचा पुरावा हाती आल्यावर तीच रेघ पुन्हा पाहायला आपल्या किल्ल्यावर उभा राहिला. ही खरी गोष्ट खोट्या गोष्टीपेक्षा काय कमी गोड आहे?

आता भागाकाराकडे वळू. १८६८ मध्येच स्वीडनचा ऑंगस्ट्रॉम याने सूर्याच्या रंगपट्ट्यातील रेघांच्या तरंगलांब्या मोजून प्रसिद्ध केल्या. प्रकाश लाटेसारखा चालतो, आणि एका लाटेच्या माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचे अंतर ती तरंगलांबी. समुद्राची लाट वावांत मोजता येईल. प्रकाशाची लाट फार बारीक, म्हणून तिला नॅनोमीटर हे माप. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. सोडियमच्या दोन रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या, तर हेलियमची डी-तीन ५८७.६ ची. पाहा, सारा वाद जेमतेम दीड नॅनोमीटरचा होता!

पण लांबी मोजता आली तरी त्या लांबीचा अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता. हाच आकडा का, या प्रश्नाला उत्तर नव्हते. ते यायला १९०० साल उजाडावे लागले. १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये माक्स प्लांक यांनी तापलेल्या पदार्थाच्या प्रकाशाचा हिशेब मांडला. तो जुळवण्यासाठी त्यांना असे धरावे लागले, की ऊर्जा पाण्यासारखी सलग ओतता येत नाही. ती नाण्यांसारखी ठरावीक पुड्यांतच देता-घेता येते. लाट दर सेकंदाला जितक्या वेळा हेलकावे घेते त्या संख्येला एका ठरावीक आकड्याने गुणले की पुडीची किंमत मिळते. तोच प्लांकचा स्थिरांक. १९०५ मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले: प्रकाश स्वतःच अशा कणांचा बनलेला आहे असे मानून चाला, मग बरीच कोडी सुटतात. लॉकियर युद्धखात्यातला कारकून, तर आइन्स्टाइन तेव्हा बर्नच्या पेटंट कचेरीतला नोकर. ज्ञानाला हुद्दा लागत नाही. अमेरिकेचे मिलिकन यांना आइन्स्टाइनची कल्पना पटली नव्हती. ती खोडायला त्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले, आणि १९१६ मध्ये प्रामाणिकपणे लिहून टाकले की सूत्र बरोबर उतरते. या कणांना ‘फोटॉन’ हे नाव रूढ झाले ते १९२६ नंतर.

आता वही-पेन्सिल घ्या. शिक्षकांनी फळ्यावर मांडले तर उत्तमच. नियम असा: प्लांकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग, भागिले तरंगलांबी. भागायचे का? लाट जितकी आखूड, तितके हेलकावे जास्त. म्हणून लांबी कमी तर ऊर्जा जास्त. स्थिरांक आहे ६.६२६ भागिले १० चा ३४ वा घात, आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला २.९९८ गुणिले १० चा ८ वा घात मीटर. यांचा गुणाकार येतो १.९८६ भागिले १० चा २५ वा घात. याला हेलियमच्या ५८७.६ नॅनोमीटरने, म्हणजे ५.८७६ भागिले १० चा ७ वा घात इतक्या मीटरने भागा. उत्तर येते ३.३८ भागिले १० चा १९ वा घात, ज्यूलमध्ये.

इतक्या शून्यांनी डोके गरगरते, होय ना? म्हणून शास्त्रज्ञांनी लहान वजनाची तराजू केली आहे. सोने मणात तोलत नाहीत, गुंजेत तोलतात. तसे या कणांसाठी ‘इलेक्ट्रॉनव्होल्ट’ हे माप. एका व्होल्टच्या दाबाने इलेक्ट्रॉनला मिळते ती ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि ती असते १.६०२ भागिले १० चा १९ वा घात ज्यूल. वरच्या गुणाकाराला याने भागून तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये घेतली की सारे खटले मिटून एकच आकडा उरतो: १२४०. म्हणून लक्षात ठेवायचे ते इतकेच: १२४० ला नॅनोमीटरने भागा, ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मिळेल.

करून पाहू. हेलियमची रेघ: १२४० भागिले ५८७.६, उत्तर २.११०. सोडियमच्या रेघा: १२४० भागिले ५८९.०, उत्तर २.१०५, आणि भागिले ५८९.६, उत्तर २.१०३. म्हणजे हेलियम आणि सोडियम यांच्या पिवळ्या कणांत फरक अवघा पाच हजारांशांचा. दोन रुपये अकरा पैशांच्या व्यवहारात अर्धा पैसा! तेवढ्या अर्ध्या पैशाच्या चुकीला ‘असू दे’ म्हटले असते, तर एक नवे मूलद्रव्य हातचे गेले असते.

हा २.११ चा आकडा हेलियमच्या पोटातून येतो. अणूतला इलेक्ट्रॉन जिन्याच्या ठरावीक पायऱ्यांवरच उभा राहू शकतो, हा विचार १९१३ मध्ये नील्स बोर यांनी मांडला. हेलियमच्या जिन्याची एक पायरी तळापासून २३.०७ इलेक्ट्रॉनव्होल्ट उंचीवर आहे, दुसरी २०.९६ वर. वजाबाकी करा: २.११. वरच्या पायरीवरून इलेक्ट्रॉन खालच्या पायरीवर उतरला की नेमकी तेवढीच ऊर्जा एका पिवळ्या कणाच्या रूपाने बाहेर पडते.

आणि याच वजाबाकीतून आणखी एक कोडे सुटते. सूर्यात हेलियम इतका भरलेला असताना फ्राउनहोफरला त्याची काळी रेघ का दिसली नाही? कारण ती रेघ उमटायला इलेक्ट्रॉन आधीच २०.९६ च्या पायरीवर चढलेला हवा. सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठावर तापमान साधारण साडेपाच हजार अंश. तिथल्या एकेका कणाची धडक सरासरीने पाऊण इलेक्ट्रॉनव्होल्टची. पाऊण रुपया खिशात घेऊन एकवीस रुपयांची वस्तू कोण घेणार? पृष्ठाच्या वरच्या पातळ थरात मात्र अतितप्त प्रभामंडळाकडून जोरकस अतिनील कण येऊन पडतात, त्यामुळे तिथे इलेक्ट्रॉनला चढायला बळ मिळते. तो थर उघड्या डोळ्यांना दिसतो ग्रहणातच. म्हणून हेलियमची पहिली ओळख ग्रहणात झाली.

आता हाच भागाकार आपल्या रोजच्या जगात चालवू. तांबडा प्रकाश ७०० नॅनोमीटरचा, कण १.७७ चा. जांभळा ४०० चा, कण ३.१ चा. जुन्या फोटोच्या अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा का चालत असे? साध्या फोटोकाचेवरील चांदीच्या क्षाराला सुमारे अडीच इलेक्ट्रॉनव्होल्टचा धक्का लागतो. तांबड्या कणात तेवढी ताकदच नाही. दिवा दहापट मोठा केला तर कण दहापट होतील, पण प्रत्येक कण दुबळाच राहील. बंदराच्या माणसाला हे लगेच उमजेल: ज्या भिंतीवरून उडी मारायची ती उंच असेल, तर शंभर बुटकी माणसे एकेकटी उडी मारून पार होत नाहीत.

उलट, उन्हातल्या ३०० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचा कण ४.१३ चा. कार्बनच्या दोन अणूंमधला साधा बंध तोडायला सुमारे ३.६ लागतात. म्हणून पिवळ्या दिव्याखाली वर्षभर ठेवलेले नायलॉनचे जाळे टिकते आणि उन्हात पडलेले जाळे ठिसूळ होते. बुरोंडीच्या बंदरावर जाळी सावलीत गुंडाळून ठेवण्याची जी जुनी शिस्त आहे, तिच्यामागे हाच भागाकार आहे. छपरावरच्या सौरपाटीतील सिलिकॉनला एका कणाकडून निदान १.१ हवे असतात. १२४० ला १.१ ने भागा, म्हणजे सुमारे ११०० नॅनोमीटरपेक्षा लांब लाटेच्या प्रकाशातून ती पाटी वीज काढू शकत नाही हे समजेल.

आणि रेडिओ? तोही प्रकाशाचाच भाऊ, फक्त लाट लांब. मध्यमलहरीवर १००० किलोहर्ट्‌झला लाटेची लांबी ३०० मीटर. पिवळ्या प्रकाशाच्या जवळपास पन्नास कोटीपट लांब, म्हणून तिचा एकेक कण पन्नास कोटीपट दुबळा. म्हणूनच रेडिओची लहर आपल्या अंगावरून रात्रंदिवस जाते, पण ना कातडी काळवंडते ना जाळे विटते. तरी गाणे ऐकू येते, कारण कण दुबळे असले तरी संख्येने अगणित. पिवळ्या प्रकाशाचेही तसेच: एका वॅटच्या पिवळ्या प्रकाशात दर सेकंदाला तीनावर अठरा शून्ये इतके कण बाहेर पडतात.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वर्गात हा भागाकार करून घ्याच. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. मीठ, एक ज्योत आणि फळा पुरे. आणि सहलीला मुले विजयदुर्गला नेलीत तर ओटे जरूर दाखवा, पण साल १८९८ सांगा, आणि १८६८ ला कोण कुठे होते तेही सांगा: जान्सेन गुंटूरला, हर्शेल जमखिंडीला, लॉकियर इंग्लंडात. मुले विचारतील, ‘मग आपल्या कोकणाचे काय?’ त्यांना सांगा, की त्या ग्रहणानंतर पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, याच दापोली तालुक्यातील मुर्डी गावचा रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हा मुलगा केंब्रिजला गणितात पहिला येऊन सीनियर रँग्लर झाला. कोकणाचा मान वाढवायला ओढूनताणून आणलेल्या दंतकथेची गरज नाही. चोख हिशेब करणारी मुले इथे पूर्वीही निपजली आहेत. पुढची तुमच्या वर्गात बसली आहेत.